धम्माचा अभ्यास करून ख्रिस्ती राहिलेली माणसे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची असली की संपादक मंडळ आमच्याकडे एक लेख मागते आणि आम्हीही कुवतीप्रमाणे तो देतो. आजवर आम्ही लेण्यांवर लिहिले, गिरणी कामगारांच्या संपावर लिहिले. ह्या खेपेला विषय जरा वेगळा आहे. काही उपासक-उपासिकांना तो रुचणार नाही, ह्याची आम्हाला कल्पना आहे. विहाराच्या अंकात ख्रिस्ती लोकांचं काय काम, असं कोणीही विचारील. त्याचं उत्तर लेख वाचून झाल्यावर वाचकांनीच द्यावं.

आम्ही काही विद्वान नाही. दहावी झाली आणि गिरणीत लागलो. जे काही शिकलो ते रात्रपाळी करून सकाळच्या वेळात, डिक्शनरी शेजारी ठेवून. दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेच आमचं कॉलेज. तिथून आणलेल्या पुस्तकांतून जे हाती लागलं ते इथे मांडत आहोत.

साच्यावरचा सोबती

१९८८ साली आम्ही बदली कामगार म्हणून गिरणीत लागलो. १९८२ चा संप मोडून पडला होता आणि गिरणगावाची रया गेली होती. रिंग खात्यात आमच्या शेजारच्या साच्यावर एक सोबती होता. नगर जिल्ह्यातला. त्याचे पणजोबा आमच्याच समाजातले. मिशनच्या काळात घराणं ख्रिस्ती झालं. म्हणजे मूळ एक, दुःख एक, वाटा मात्र दोन. गावाकडे त्यांची आणि आमची वस्ती एका ओढ्याच्या दोन काठांवर, पण एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद.

त्याने एकदा आमच्याकडे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचायला मागितला. आम्ही आनंदाने दिला. मनात म्हटलं, गडी आपल्यात येतोय. दोन वर्षं त्याने तो ग्रंथ पुरवून पुरवून वाचला. बुद्ध पौर्णिमेला विहारात येऊन मागच्या रांगेत बसू लागला. आमची माणसं विचारू लागली, हा दीक्षा कधी घेणार? त्याच्या मंडळीतले लोक विचारू लागले, हा चर्च कधी सोडणार? दोन्हीकडून बिचाऱ्याला टोमणे.

एक दिवस कॅन्टीनमध्ये आमचाही तोल गेला. आम्ही चारचौघांत म्हणालो, “एवढं वाचलंस, मग घोडं अडलंय कुठं? भाकरी आमची खातोस आणि चूल त्यांची पेटवतोस!” त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, तुमचं पुस्तक वाचायला लागल्यापासनं मी माझं पुस्तक नीट वाचायला लागलो.” आम्ही हसण्यावारी नेलं. आम्हाला ती पळवाट वाटली. पुढे बरेच दिवस आमचं बोलणंही बंद होतं.

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. दुसऱ्याचा धर्म वाचून माणसाची आपल्या धर्मावरची श्रद्धा घट्ट होते, हे कसं काय? ती तर ढिली व्हायला पाहिजे! म्हणून आम्ही इतिहासात शोध घेऊ लागलो. बौद्ध धम्म आणि ख्रिस्ती धर्म ह्यांच्या गाठीभेटी कुठे, कशा झाल्या आणि त्यांतून ख्रिस्ती माणसाला काय मिळालं, हे पाहू लागलो. त्यात आम्हाला तीन तऱ्हा दिसल्या. पहिली दुसऱ्याला गिळण्याची, दुसरी दुसऱ्याला पाडण्याची आणि तिसरी दुसऱ्यापाशी बसून शिकण्याची. तिन्ही क्रमाने सांगतो.

कान्हेरीचा डोंगर आणि एक ख्रिस्ती संत

पहिल्या तऱ्हेची गोष्ट आपल्या घराजवळची आहे. बोरिवलीची कान्हेरी लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो. शंभराच्या वर लेणी एकाच डोंगरात कोरलेली. पोर्तुगीजांचा अंमल साष्टीवर होता तेव्हा दिओगो दो कूतो नावाचा त्यांचा इतिहासकार ही लेणी बघायला गेला होता. हे कोणी खोदलं, असं त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हातारा म्हणाला, संत जोसाफातच्या बापाने मुलाला जगापासून दूर ठेवून वाढवण्यासाठी हे खोदून घेतलं. कूतोने ही हकिकत आपल्या ग्रंथात लिहून ठेवली. तो १६१६ साली वारला.

आता हा जोसाफात कोण? ख्रिस्ती देशांत मध्ययुगात घरोघर माहीत असलेली ही कथा. हिंदुस्थानात एक राजा होता. त्याला मुलगा झाला. ज्योतिषी म्हणाले, हा राज्य सोडून ख्रिस्ती होणार. राजाने त्याला महालात कोंडलं, दुःख दृष्टीस पडू दिलं नाही. पण एके दिवशी मुलगा बाहेर पडला. त्याला रोगी दिसला, म्हातारा दिसला, मरण म्हणजे काय ते कळलं. मग बार्लाम नावाचा साधू जवाहिऱ्याच्या वेषात आला, त्याने उपदेश केला आणि राजपुत्राने राज्यावर पाणी सोडलं.

वाचकांनी ओळखलंच असेल! ही सिद्धार्थ गौतमाची कथा आहे. बौद्ध भूमीतून ती इराण, अरबस्तानाकडे गेली. ‘बोधिसत्त्व’ ह्या शब्दाचं अरबीत ‘बूदासफ’ झालं. अरबी लिपीत ब आणि य ह्यांत फक्त टिंबाचा फरक. एक टिंब इकडचं तिकडे झालं आणि ‘यूदासफ’ झालं. तिथून जॉर्जियन, ग्रीक, मग लॅटिन भाषेत जाता जाता ‘जोसाफात’. रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर ह्या तारखेला बार्लाम आणि जोसाफात ह्यांची नावं शेकडो वर्षं राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपातल्या पंडितांनी कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा कुठे ह्या उसनवारीचा पुरता उलगडा झाला.

ह्यात गंमत आहे, तशी ठेचही आहे. ह्या कथेने हजारो ख्रिस्ती माणसांना त्यागाची ओढ लावली. रशियाचे टॉलस्टॉय ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनात जी विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाची गोष्ट सांगितली आहे, ती ह्याच कथेतून फिरत फिरत आलेली. म्हणजे तथागतांच्या चरित्राने ख्रिस्ती मनाला नकळत खोली दिली. पण नाव पुसून! ज्याच्याकडून घेतलं त्याची ओळखच ठेवली नाही. राजपुत्राला बोधी प्राप्त झाली हे गेलं, तो ख्रिस्ती झाला एवढंच उरलं. आपल्याला ही तऱ्हा चांगली माहीत आहे. बुद्धाला विष्णूचा नववा अवतार करून टाकण्याचा उद्योग आपल्याकडेही झाला, आणि म्हणूनच बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये त्याचा स्पष्ट इन्कार आहे. अशी गिळंकृत करणारी जवळीक हा अभ्यास नव्हे. मेजवानीचं ताट उचलून नेलं आणि यजमानाचं नावही विचारलं नाही, असा तो प्रकार.

पानदुऱ्याचा वाद

दुसऱ्या तऱ्हेसाठी श्रीलंकेत जावं लागेल. इंग्रजांच्या राज्यात तिथे वेस्लियन मेथॉडिस्ट पंथाचे मिशनरी आले. सुरुवातीला भिक्खूंनी त्यांना वैरी मानलं नाही. धर्म सांगायला आलेला माणूस म्हणून काही ठिकाणी उतरायला जागाही दिली. डॅनियल गॉगर्ली नावाचे एक मिशनरी १८१८ साली तिथे आले. त्यांनी भिक्खूंच्या मदतीने पाली शिकली, ग्रंथ वाचले आणि त्या ज्ञानाचा वापर करून बौद्ध धम्माचं खंडन करणारं पुस्तक सिंहली भाषेत लिहिलं. ज्यांनी अक्षर गिरवायला शिकवलं त्यांनाच त्या अक्षरांनी मारलं, अशी भावना भिक्खुसंघात पसरली.

त्यातून जाहीर वादविवाद सुरू झाले. सर्वांत गाजलेला वाद कोलंबोच्या दक्षिणेला पानदुरा गावी २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ ह्या दोन दिवशी झाला. बौद्धांच्या बाजूने मिगेट्टुवत्ते गुणानंद थेर. ख्रिस्ती बाजूने पहिल्या दिवशी रेव्हरंड डेव्हिड डिसिल्वा, गॉगर्लींच्या परंपरेतले पाली जाणणारे सिंहली पाद्री. हजारो माणसं जमली होती. आमच्याकडच्या कुस्तीच्या फडासारखी.

डेव्हिड डिसिल्वांनी पहिलाच घाव घातला तो अनात्मवादावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बौद्ध लोक आत्मा मानत नाहीत. मग मेल्यावर उरतं काय? चांगल्या-वाईटाचं फळ भोगणार कोण? माणसात आणि जनावरात फरक काय राहिला? गुणानंद थेरांनी जोरदार उत्तर दिलं आणि उलट बायबलमधल्या विसंगती काढून दाखवल्या. लोकांच्या मते बाजी थेरांनी मारली. ह्या वादाचा वृत्तांत इंग्रजीत छापला गेला, तो अमेरिकेत कर्नल ऑल्कॉट ह्यांच्या वाचनात आला. १८८० साली ते लंकेत आले आणि त्यांनी पंचशील ग्रहण केलं. त्यांच्या चळवळीतूनच पुढे अनागारिक धर्मपाल घडले आणि १८९१ साली महाबोधी सोसायटी उभी राहिली. बौद्धांच्या दृष्टीने पानदुरा म्हणजे जागृतीचा दिवस, ह्यात शंका नाही.

पण आमचा प्रश्न वेगळा आहे. ह्या सगळ्यातून ख्रिस्ती श्रद्धेला काय मिळालं? काही नाही. डेव्हिड डिसिल्वांनी पाली चांगली शिकली होती, पण ती गुन्हा शोधणाऱ्या पोलिसाने घराची झडती घ्यावी तशी. झडती घेणाऱ्याला त्या घरात काय दिसणार? जे सापडावं म्हणून तो आला तेवढंच. अनात्म हा शब्द त्यांच्या हातात होता, आणि त्यांनी त्याचा दगड केला.

शंभर वर्षांनी त्याच प्रश्नाकडे

आता तिसरी तऱ्हा. शंभर वर्षं जाऊ द्या. बेट तेच, पंथ तोच मेथॉडिस्ट, आडनावही डिसिल्वा. लिन डिसिल्वा, जन्म १९१९, मृत्यू १९८२. हेही पाद्री. कोलंबोत धर्माच्या अभ्यासाचं एक केंद्र त्यांनी चालवलं. त्यांनीही पाली ग्रंथ वाचले, भिक्खूंशी चर्चा केल्या. पण पाडण्यासाठी नाही. १९७५ साली त्यांचा बौद्ध आणि ख्रिस्ती विचारांतल्या ‘स्व’विषयी एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या अनात्मवादावर त्यांच्या पूर्वसुरींनी घाव घातला होता, तोच त्यांनी हातात घेतला आणि स्वतःला विचारलं, बुद्ध म्हणतात तो कायमचा, अविनाशी आत्मा आपल्या बायबलमध्ये तरी आहे काय?

ते परत मुळाकडे गेले. काय सापडलं? बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणूस मातीचा केलेला आहे आणि त्यात श्वास फुंकलेला आहे. माती आणि श्वास. शरीरात कोंडलेला आणि मेल्यावर उडून जाणारा अमर आत्मा ही कल्पना बरीचशी ग्रीक तत्त्वज्ञानातून पुढे ख्रिस्ती लोकांत शिरलेली. लोक तिला आपल्या धर्माचा पाया समजून बसले होते. लिन डिसिल्वा म्हणतात की अनात्माची शिकवण ऐकल्यामुळे ख्रिस्ती माणसाला आपलं मूळ बायबल नीट दिसतं. माणसाजवळ स्वतःचं असं टिकाऊ काही नाही. तो आहे तो नात्यात आहे, माणसांशी आणि देवाशी. आणि मरणानंतरची ख्रिस्ती आशा ही आत्मा आपोआप अमर आहे म्हणून नाही, तर देव पुन्हा उठवील ह्या भरवशावर आहे.

इथे आम्हाला थांबून स्पष्ट सांगितलं पाहिजे की आम्हाला हे शेवटचं पटत नाही. आत्मा दाराने बाहेर काढला आणि देव खिडकीतून आत घेतला, असं बौद्ध माणूस म्हणणारच. लिन डिसिल्वांनाही ते माहीत होतं. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी लपवलं नाही. पण मुद्दा हा की त्यांची श्रद्धा ढिली झाली नाही. तिच्यावर बसलेली उसनी धूळ झटकली गेली. डेव्हिड डिसिल्वांना जो दगड वाटला तो लिन डिसिल्वांना आरसा झाला. फरक एवढाच की एक जण उत्तर घेऊन गेला होता आणि दुसरा प्रश्न घेऊन.

मध्यंतरी काळही बदलला होता. कॅथलिक पंथाची मोठी परिषद रोमला भरली आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी तिने इतर धर्मांविषयी एक घोषणापत्र काढलं. त्यात बौद्ध धम्माचा नावानिशी उल्लेख आहे आणि इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असा त्याचा आशय आहे. त्याआधी वातावरण किती कडक होतं? जपानात लासाल नावाचे एक जर्मन जेझुइट पाद्री होते. १९४५ साली हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते तिथेच होते, जखमी झाले आणि वाचले. त्यांनी झेन ध्यानाची साधना केली आणि त्यावर पुस्तक लिहिलं, तर पुढे लिहू नका असा वरून हुकूम आला. परिषदेनंतर मात्र वाट मोकळी झाली. लासाल १९९० साली वारले. अखेरपर्यंत झेन ध्यान शिकवत होते आणि अखेरपर्यंत पाद्रीही होते.

ओल्या गवतातले अनवाणी पाय

थॉमस मर्टन ह्यांचं नाव आमच्या वाचकांना फारसं माहीत नसेल. जन्म १९१५, फ्रान्समध्ये. १० डिसेंबर १९४१ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या ट्रॅपिस्ट मठात ते दाखल झाले. हा मौनाचा, कष्टाचा पंथ. १९४८ साली त्यांचं आत्मचरित्र आलं आणि प्रचंड खपलं. त्या पुस्तकात पूर्वेकडच्या धर्मांविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. तरुणपणी नव्या श्रद्धेच्या जोशात असं होतं. आपल्यालाही ते ठाऊक आहे.

पण मठात राहून, प्रार्थना करता करता त्यांना झेन वाचावंसं वाटलं. जपानचे झेन पंडित सुझुकी ह्यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. मर्टन तेव्हा ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या काळात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या साधूंची वचनं भाषांतरित करीत होते. ते त्यांनी सुझुकींना पाठवलं. आपल्याच विसरलेल्या साधूंच्या तुटक, कोड्यासारख्या बोलण्यात काय दडलंय, हे त्यांना झेनच्या उजेडात नव्याने दिसू लागलं. म्हणजे जपानच्या वाटेने ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी पोचले.

आणि हे नुसतं ध्यानधारणेपुरतं राहिलं नाही. व्हिएतनामवर अमेरिका बॉम्ब टाकत होती तेव्हा १९६६ साली तिथले भिक्खू तिक न्यात हन्ह मर्टनना भेटायला मठात आले. त्यानंतर मर्टननी त्यांना आपला भाऊ म्हणणारा लेख लिहिला. स्वतःच्या देशाच्या सरकारशी युद्ध चालू असलेल्या मुलखातला भिक्खू, त्याला भाऊ म्हणणं ह्यात धोका होता. आमच्या मते श्रद्धेची खोली इथे मोजावी. माणूस डोळे मिटून किती वेळ बसला ह्यावरून नाही, तर डोळे उघडल्यावर कोणाच्या बाजूला उभा राहिला ह्यावरून.

१९६८ च्या अखेरीस ते आशियात आले. नोव्हेंबरात धर्मशाळेला दलाई लामांना तीनदा भेटले. ख्रिस्ती माणूस म्हणजे काय हे आपल्याला मर्टनमुळे कळलं, असं दलाई लामांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे. तिथून मर्टन श्रीलंकेला गेले. पोलोन्नरुव येथे गल विहारात अखंड खडकात कोरलेल्या प्रचंड बुद्धमूर्ती आहेत. मर्टन आपल्या रोजनिशीत लिहितात की सोबत आलेला चर्चचा अधिकारी ‘परधर्माचं’ ठिकाण म्हणून जवळ यायला बिचकला आणि झाडाखाली बसून माहितीपुस्तिका वाचत राहिला. मर्टन मात्र बूट काढून ओल्या गवतातून, ओल्या वाळूतून अनवाणी त्या मूर्तींपाशी गेले. त्या शांत चेहऱ्यांकडे पाहता पाहता आपण आयुष्यभर जे शोधत होतो ते लख्ख दिसल्यासारखं त्यांना वाटलं.

ते दोघेही ख्रिस्ती, दोघेही एकाच जागी गेले. एकाच्या हाती माहितीपुस्तिका आली, दुसऱ्याच्या हाती अनुभव आला. श्रद्धा कोणाची पक्की म्हणायची? आपल्या देवावर ज्याचा भरवसा आहे त्याला दुसऱ्याच्या अंगणात जायला भीती कशाला वाटावी? भीती वाटते ती कच्च्या माणसाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १० डिसेंबर १९६८ रोजी, बँकॉकजवळ मठवाशांच्या परिषदेत भाषण करून ते खोलीवर गेले आणि तिथे बिघडलेल्या विजेच्या पंख्याचा धक्का लागून वारले. वय ५३. आमच्या आजच्या वयाचे. ज्या युद्धाला त्यांनी विरोध केला त्यात मेलेल्या सैनिकांबरोबर, लष्करी विमानातून त्यांचं शव मायदेशी नेलं गेलं.

नदी आणि वधस्तंभ

आमच्यासारख्या कामगाराला ज्या माणसाने सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते म्हणजे फादर अलॉयसियस पीरिस. हेही श्रीलंकेचे, जेझुइट, जन्म १९३४. तिथल्या विद्यापीठाची बौद्ध विद्येतली डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले बौद्धेतर. १९७४ साली त्यांनी केलनियाजवळ ‘तुलना’ नावाचं केंद्र काढलं. तिथल्या ख्रिस्ताच्या जीवनावरच्या काही कलाकृती बौद्ध कलावंतांकडून करून घेतल्या आहेत. आमचा ख्रिस्त तुम्हाला कसा दिसतो ते आम्हाला दाखवा, असं दुसऱ्याला सांगायला मोठं मन लागतं.

पीरिस ह्यांचं एक म्हणणं असं की बौद्ध धम्माची भाषा प्रज्ञेची आहे, ख्रिस्ती धर्माची भाषा प्रेमाची आहे. प्रज्ञेवाचून प्रेम आंधळं होतं, प्रेमावाचून प्रज्ञा थंड पडते. दोन्ही धर्मांत दोन्ही आहेत, पण एक बोली ठळक आणि दुसरी दबलेली. बौद्धांजवळ बसल्याने ख्रिस्ती माणसाला आपल्याच धर्मातली दबलेली बोली ऐकू येते. आपण बाबासाहेबांच्या तोंडून प्रज्ञा आणि करुणा ही जोडी शिकलो आहोत, त्यामुळे आपल्याला हे समजायला अवघड नाही.

दुसरं म्हणणं त्याहून मोलाचं. येशूने स्वतःचं काम सुरू करण्याआधी काय केलं? जॉर्डन नदीवर योहानापुढे जाऊन मान वाकवली आणि बाप्तिस्मा घेतला. म्हणजे आधी शिष्य झाला. आणि शेवट कुठे झाला? वधस्तंभावर, गुन्हेगार ठरवलेल्यांच्या रांगेत. पीरिस म्हणतात, आशियातल्या चर्चला हे दोन्ही बाप्तिस्मे घ्यावे लागतील. एक आशियातल्या धर्मांच्या नदीत मान वाकवून, दुसरा आशियातल्या गोरगरिबांच्या दारिद्र्यात उतरून. नुसता पहिला घेतला तर ती श्रीमंतांची ध्यानाची हौस. नुसता दुसरा घेतला तर ती वरून टाकलेली भीक. दोन्ही मिळून धर्म.

हे वाचलं तेव्हा आम्हाला गिरणगाव आठवलं. संप फसला आणि चुली विझल्या तेव्हा दोन पुस्तकं वाचलेला विद्वान कोणी विचारला नाही. कोण दारात आला, एवढंच लोकांनी पाहिलं.

आपल्या मराठी मुलखातही ह्याचा एक दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांनी तो पूल पाडला नाही. ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा वेष दिला, कीर्तनाचा ताल दिला. मराठी मंडळ्यांमध्ये आजही त्यांची पदं म्हटली जातात.

बाबासाहेबांची एकवीस वर्षे

आता आपल्याकडे वळू. हे सगळं ख्रिस्ती लोकांना ठीक आहे, आपल्याला काय त्याचं? तर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षं काय केलं? अभ्यास! धर्माधर्मांची पारख केली. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला, त्यात बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण ह्या चौघांना शेजारी ठेवून तुलना केली आहे. त्याच साली ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेत कॅन्डीला जाऊन आले. म्हणजे आपला धम्मस्वीकार हा डोळे झाकून नाही, चार घरं पाहून झालेला आहे. आणि आपण मात्र आता दुसऱ्याचं पुस्तक हातात धरायलाही कचरतो!

खुद्द तथागतांचं वागणं काय होतं? उपाली नावाचा गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैनांचा, उपासक. तो वाद जिंकायला आला आणि बुद्धाचा शिष्य होतो म्हणाला. तथागतांनी त्याला घाई केली नाही. नीट विचार कर म्हणाले. आणि तुझ्या घरी निगंठांना जी भिक्षा मिळत आली ती पुढेही दे, असंही सांगितलं. कॅन्टीनमध्ये आम्ही आमच्या सोबत्याला जे बोललो ते ह्या गोष्टीच्या शेजारी ठेवून पाहिलं आणि आमची मान खाली गेली.

सम्राट अशोकाने तर ही गोष्ट दगडावरच कोरली. नालासोपाऱ्याला त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे त्याचा शब्द आपल्या ह्या किनाऱ्यापर्यंत आला होता. त्याच्या बाराव्या शिलालेखाचा आशय असा : जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाची हानी करतो, दुसऱ्याचा मान राखला, त्याचं ऐकलं, तर आपलाच पंथ वाढतो. वाढतो म्हणजे संख्येने नाही, साराने. मर्टन, डिसिल्वा, पीरिस ह्यांनी विसाव्या शतकात जे केलं ते अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. आमच्या सोबत्याने चहाच्या ग्लासावर सांगितलं तेही हेच होतं.

शेवटचे दोन शब्द

आमची आई गेली तेव्हा गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. कोणी कोणाला भेटत नव्हतं. तरी तो आला. घरात परित्राण पाठ चालू होता. भन्तेजींनी अनित्यतेची गाथा म्हटली आणि तिचा अर्थ सांगितला, की जे जे घडलं ते ते मोडणारच. तो भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसला.

सगळे उठल्यावर तो आम्हाला जिन्यात म्हणाला, “भाऊ, आमच्यात पण माणूस पुरताना मातीला माती म्हणतात. लहानपणापासनं ऐकतोय. माझा बाप गेला तेव्हा पण ऐकलं. पण माती म्हणजे खरंच माती, हे मला तुमच्या पुस्तकातनं कळलं. त्या दिवसापासनं प्रार्थनेला बसलो की मी काही मागत नाही.”

आम्ही त्याला त्या कॅन्टीनच्या दिवसाबद्दल माफ कर म्हणालो. त्याला तो दिवस आठवतच नव्हता, किंवा आठवत नाही असं त्याने दाखवलं.

तो ख्रिस्तीच राहिला, आम्ही बौद्धच राहिलो. त्याने आमच्याकडून नेलेला ग्रंथ अजून परत आलेला नाही आणि आम्ही तो मागणारही नाही. उलट ६ डिसेंबरच्या स्टॉलवर आम्ही एक मराठी नवा करार घेतला आणि घरी आणून वाचला. तो वाचताना आम्ही ख्रिस्ती झालो नाही. पण डोंगरावरच्या प्रवचनाशी आलो तेव्हा उठून आपलं धम्मपद काढलं, आणि किती तरी वर्षांनी ते पाठ म्हटल्यासारखं न म्हणता वाचलं.

विहाराच्या तरुण कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की आपल्या वाचनालयाच्या कपाटात एक कप्पा इतर धर्मांच्या ग्रंथांसाठी ठेवावा. आणि मागच्या रांगेत कोणी परका येऊन बसला तर त्याला दीक्षा कधी घेणार असं विचारू नये. पाणी विचारावं.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!